कोकणातल्या एका बालपणीच्या घराची दुरुस्ती : कामाच्या नोंदी

घर कोकणात, किनाऱ्यापासून चारेक किलोमीटर आत. जोतं आणि भिंतींचे खालचे तीन फूट जांभ्याचे, वर मातीच्या भिंती, ऐनाच्या लाकडाच्या वाशांवर मंगळुरी कौलं. माप ४६ × ३४ फूट. पुढे ओटी, आत माजघर, त्याला लागून देवघर आणि बाळंतिणीची खोली, मागे स्वयंपाकघर आणि पडवी, वर माळा. इथे वाढलेल्या व्यक्तीचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे, म्हणून घर दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं करायचं. या नोंदींना त्याची गरज नाही. घर कुणाचंही असो, भिंतीत ओल तशीच चढते.

कागदपत्रांचा काळ नोंदींत धरलेला नाही. एवढंच सांगतो : जमिनीचा सातबारा आणि घराची ग्रामपंचायतीतली नमुना ८ची नोंद यांवरची नावं सहसा जुळत नाहीत. आमच्याकडे सातबाऱ्यावर २३ नावं होती, त्यांतली निम्मी हयात नव्हती. वारसनोंदी, मग नोंदणीकृत बक्षीसपत्र, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची नोंद, हे सगळं होईपर्यंत एकही कौल हलवलं नाही. "तुम्ही सुरू करा, आमची काय हरकत" असं तोंडी म्हणणारा वारस पहिली कुदळ पडली की हरकत घेतो. घर राज्य संरक्षित असेल तर कामाआधी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी लागते. आमचं घर संरक्षित यादीत नाही, त्यामुळे चुका करायची मोकळीक होती. ती आम्ही भरपूर वापरली.

१४ ऑक्टोबर २०२३ : पाहणी

पाऊस नुकताच थांबलाय. पाहणीला हाच मुहूर्त. उन्हाळ्यात भिंती कोरड्या दिसतात आणि फसवतात. आत्ता पाणी कुठून आलं त्याच्या रेघा ताज्या आहेत.

सापडलं ते असं : बाहेरून सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा, आतून चार फुटांपर्यंत. घराभोवती चार फूट रुंद काँक्रीटची पट्टी. पश्चिमेच्या वळचणीखाली वाशांची टोकं कुजलेली. स्वयंपाकघराच्या चौकटीला वाळवी. माजघराची एक तुळई मधोमध दीड इंच खाली आलेली. ओटीच्या खांबाखालचा चिरा चिरलेला.

करणीच्या दांड्याने गिलावा ठोकत गेलो. जिथे पोकळ आवाज तिथे खडूची खूण. पश्चिम भिंतीवर खुणाच जास्त.

तुळई सोडली तर एकूण एक दुखणं तीस वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीतून आलेलं आहे. काँक्रीटच्या पट्टीमुळे जमिनीतली ओल बाहेर निघेना, ती जोत्यात शिरली. जोत्यातून भिंतीत चढली. भिंतीवर सिमेंट, म्हणून तिथूनही वाट नाही. मग ती चढत चढत चार फुटांवर, जिथे आतलं सिमेंट संपतं, तिथे बाहेर पडली आणि बरोबर त्याच उंचीवर लोण्याचा (ओलीबरोबर बाहेर आलेल्या क्षारांचा) पांढरा पट्टा उठला. ही रेघ दिसली की आतली माती भिजून मऊ झालेली असणार असं धरून चालावं.

२ नोव्हेंबर : मोजमाप

नकाशे, दर भिंतीचे फोटो (प्रत्येक फोटोत फूटपट्टी), ओळंबा. पश्चिम भिंत ९ फुटांत सव्वादोन इंच बाहेर झुकलेली. ती आत्ता झुकतेय की शंभर वर्षांपूर्वीच झुकून थांबलीय, हे बघून कळत नाही. सात भेगांवर काचेच्या पातळ पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवल्या आणि शेजारी तारीख कोरली. काच तडकली तर भेग जिवंत. खर्च शंभर रुपयांच्या आत, आणि पुढच्या निम्म्या वादांचा निकाल याच पट्ट्यांनी लावला.

९ नोव्हेंबर : कुठल्या सालचं घर?

पुढचा प्रत्येक निर्णय यावर ठरतो, म्हणून लांबली तरी बैठक एकदाच घेतली. व्यक्तीचं बालपण १८७०च्या दशकातलं. घरात मात्र नंतरच्या तीन पिढ्यांची भर आहे : पडवी वाढवलेली, माळ्याला फळ्या बदललेल्या, एक खोली विटांची.

पहिली ठेच छपरानेच दिली. कौलं उतरवून बघताना काही कौलांच्या पोटावर १८६५ हा आकडा दिसला. आनंदाने फलकाचा मजकूर लिहिला गेला : "मूळ कौले, १८६५". फलक रंगवूनही झाला. मग लक्षात आलं की १८६५ हे बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचा मंगळूरचा पहिला कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल. हे स्थापनेचं साल पुढची कित्येक दशकं ठशात छापलं जात होतं. कौल कधीचं ते आकड्यापेक्षा नावावरून जास्त कळतं. मिशनचे कारखाने पहिल्या महायुद्धानंतर कॉमनवेल्थ ट्रस्ट या कंपनीकडे गेले. आमच्या छपरातली बरीच कौलं त्या नावाची निघाली. म्हणजे छप्पर बालपणानंतर चाळीसेक वर्षांनी चढलेलं. फलक रद्द, २,८०० रुपये पाण्यात.

कोकणातल्या अशा घरांवर काम करणाऱ्यांनी एवढं पक्कं ध्यानात ठेवावं. लोकमान्य टिळकांचा रत्नागिरीतला जन्म १८५६चा. त्या साली कोकणात कुठल्याच घरावर मंगळुरी कौल असणं शक्य नव्हतं. नळीची कौलं किंवा गवत. साने गुरुजींचा जन्म पालगडला १८९९ साली, म्हणजे तोवर ही कौलं निघालेली होती, तिथे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवावा लागेल. "जुनं दिसतं म्हणजे मूळ" हे गणित छपराच्या बाबतीत हमखास चुकतं.

मग नळीची कौलं घालायची का? नाही असं ठरलं. मूळ छप्पर नळीचं होतं की गवताचं, याचा घरात एकही पुरावा नाही. पुरावा नसताना जुनं वाटेल असं नवं बांधायचं नाही, हा नियम त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. मंगळुरी छप्पर ठेवायचं, फलकावर खरं लिहायचं. सिमेंट आणि काँक्रीट काढायचं, कारण ते घर खातंय. विटांची खोली ठेवायची.

२० ते २९ नोव्हेंबर : छप्पर उतरवणं, आणि खडू

कौलं ३,१००च्या आसपास. उतरवताना फुटली ती १४०. सिमेंटमध्ये बसवलेले कोने (आढ्यावरची कौलं) मात्र निम्मे गेले. सिमेंट कौलापेक्षा टणक, ते सुटत नाही, कौलच तुटतं.

वासे ६४. एकही वासा दुसऱ्यासारखा नाही. हाताने तासलेले, आढ्याजवळची खाच ज्याची त्याच्यापुरती. प्रत्येकावर खडूने नंबर टाकून अंगणात रचले. २७ तारखेच्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी नंबर नाहीत. रचलेल्या क्रमावरून ४१ ओळखले, उरलेले २३ एकेक चढवून, खाच जुळते का बघून लावावे लागले. दोन सुतार, दोन मदतनीस, चार दिवस. अॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या तुकड्यांवर खिळ्याने नंबर ठोकून ते बारीक तारेने बांधायला अर्धा दिवस आणि ६०० रुपये लागले असते. नंतर तसंच केलं. खूण नेहमी आढ्याकडच्या टोकाला, वळचणीचं टोक कापलं जाऊ शकतं.

दुसरी चूक त्याच रात्रीची : ताडपत्री छपरावर अंथरली होती, बांधली नव्हती. माळ्याची मातीची भुई भिजली आणि माजघराच्या भिंतीवरून गढूळ ओघळ आले. ते ओघळ पुसले नाहीत, वाळू दिले आणि मऊ ब्रशने झाडले. ओला फडका लावला असता तर जुन्या चुन्याचे थर सुटले असते.

८ डिसेंबर : वासे आणि तुळई

कुजलेली टोकं एक ते दीड फुटांची, १९ वाशांना. पूर्ण वासा बदलायचा नाही, फक्त टोक. तिरका सांधा, लांबी लाकडाच्या जाडीच्या सहापट, दोन लाकडी खुंट्या. लोखंडी खिळे वापरू नका : ऐनातलं टॅनिन आणि किनाऱ्याची खारी हवा मिळून खिळ्याभोवती काळा डाग पडतो आणि खिळा पाचसहा वर्षांत गळतो. जिथे स्क्रू लागलेच तिथे पितळी.

वखारीतून आणलेला पहिला ऐन ओला होता. सांधा केला तेव्हा कागद जाणार नाही असा बसला. तीन आठवड्यांत पिळवटून पाव इंच फट पडली. पाच टोकं पुन्हा. नंतरचं सगळं लाकूड पाडलेल्या घरांचं जुनं घेतलं. ते महाग, त्यात खिळे निघतात, रंध्याची पाती जाते. पण पिळत नाही.

तुळई बदलायची हा आग्रह बऱ्याच जणांचा होता. काचेची पट्टी शाबूत, म्हणजे वाक जुना. माळ्यावरचं ओझं (अडगळीत जवळपास ९०० किलो सामान निघालं) उतरवल्यावर ती अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) वर आली. तशीच ठेवली. माळ्यावर एका वेळी सहा माणसं, जास्त नाहीत.

वाळवीला : जमिनीलगत परवानाधारकाकडून औषध, वरच्या लाकडाला बोरॅक्स ३ भाग, बोरिक आम्ल २ भाग, गरम पाण्यात विरघळवून ब्रशने तीन हात. हे द्रावण पाण्याने धुऊन जातं, म्हणून वळचणीच्या टोकांना त्याचा उपयोग नाही. तिथे काजूच्या टरफलाचं तेल. हातमोजे घाला, कातडी भाजते.

२२ डिसेंबर ते १२ जानेवारी २०२४ : सिमेंट काढणं

दोन हजार चौरस फूट, छिन्नी-हातोडीने. एका माणसाचे दिवसाला ४० फूट. ब्रेकर मशीन लावून बघितलं, अर्ध्या तासात बंद केलं : गिलाव्याबरोबर मातीचा तीन इंचांचा लपका आला आणि वरची माती सैल झाली. छिन्नी भिंतीच्या दिशेने मारायची नाही, गिलाव्याच्या कडेत तिरकी घालून उचलायची. वरून खाली या. खालून सुरुवात केली तर वरचा पापुद्रा आपल्या वजनाने एकदम सुटतो. पहिल्याच दिवशी चार फूट लांबीचा सुटला. कुणाला लागलं नाही, हे नशीब.

पश्चिम भिंतीचा खालचा पट्टा अपेक्षेप्रमाणे मऊ. बोट दोन पेरं आत जात होतं. ओल मोजायला उपकरण लागत नाही : दोन इंच आत भोक पाडून १०० ग्रॅम माती काढली, तव्यावर मंद आचेवर वजन उतरायचं थांबेपर्यंत भाजली, ८६ ग्रॅम उरली. तशीच चाचणी वरच्या कोरड्या भागात घेतली तर ९६.

काँक्रीटची पट्टीही काढली. इथे मशीन चाललं, पण भिंतीपासून एक फूट अंतर राखून. पट्टीखाली जोत्याचा सर्वांत खालचा चिरा दिसला, तो कायम पाण्यात होता.

आतल्या चुन्याचे थर या टप्प्यावर उघडे पडले. देवघराबाहेरच्या भिंतीत दोन कोनाडे. उजव्या कोनाड्यात वरच्या कडेला काजळीचा पिंपळपानासारखा डाग, खाली तेलाचा घट्ट झालेला ओघळ, मधासारखा पिवळा, त्यात अडकलेले वातीचे दोन धागे. डाव्यातही तसंच असणार. कळायला मार्ग नाही, कारण आदल्या दिवशी कामावरच्या माणसाने "स्वच्छ करून" त्याला चुना फासला होता. सांगितलं कुणीच नव्हतं, म्हणून दोष त्याचा नाही. तेव्हापासून हात लावायचा नाही अशा प्रत्येक जागेला लाल फडक्याची चिंधी.

पटाशीने एकेक थर पायरीपायरीने उघडत थरांचा जिना केला : २२ हात, त्यांत खालून सहावा निळसर. थर मोजून साल काढण्याचा मोह होतो. करू नका. चुना दरवर्षी लागेलच असं नाही, लग्नाच्या वर्षी दोनदाही लागतो. जिना तसाच उघडा ठेवला आहे.

३ जानेवारी : चुना

चुना आधीच भिजत घालायला हवा होता, ऑक्टोबरातच. आज घातला. कळीचा चुना पाण्यात सोडायचा, पाणी चुन्यावर ओतायचं नाही. उकळी फुटते, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. चाळून हौदात, वर चार बोटं पाणी कायम. निदान १२ आठवडे.

घाईत ओटीच्या जोत्याच्या दरजांसाठी (चिऱ्यांमधल्या फटींसाठी) तीन आठवड्यांचा चुना वापरला. महिन्याभरात फुटकुळ्या : न विझलेले कण हवेतली ओल ओढून फुगतात आणि मसुरीएवढे खळगे पडतात. १८० फूट दरजा पुन्हा भरल्या. मिश्रण चुना १, सुर्खी (विटांची भुकटी) १, वाळू २. वाळू नदीची. खाडीची स्वस्त मिळते, पण त्यात मीठ असतं. वाटीभर वाळू पाण्यात ढवळून ते पाणी स्टीलच्या ताटलीत आटवा. पांढरी कडी उरली तर ती वाळू परत पाठवा. आम्ही एक अख्खा ट्रक परत पाठवला, भाडं भरून.

२ ते २६ फेब्रुवारी : मातीचा गिलावा

कोकणातली तांबडी माती एकटी चालत नाही, तिच्यात चिकटा कमी. दोन फूट बाय दोन फुटांचे सहा नमुने भिंतीवर केले. क्रमांक ४ टिकला : तांबडी माती २, भातशेतातली चिकणमाती १, वाळू १, त्यात दीड इंचाचा कापलेला पेंढा, दर दोन घमेली मिश्रणाला एक घमेलं सैल पेंढा. पंधरा दिवस भिजवून रोज पायाने तुडवायचं. वास सुटला पाहिजे. वास नाही म्हणजे पेंढा कुजला नाही, म्हणजे चिकटा आला नाही.

नमुना उत्तम, प्रत्यक्ष काम फसलं. पूर्व भिंतीवर ३५० फूट लावल्यावर आठवड्यात जाळीसारख्या भेगा. नमुन्यासाठी माती एका शेतातली, कामासाठी शेजारच्या शेतातली आली होती. दिसायला सारखीच. बरणीत पाणी घालून हलवली आणि रात्रभर ठेवली तेव्हा चिकणीचा थर पहिलीपेक्षा जवळजवळ दुप्पट. वाळू दीडपट करून पुन्हा लावलं. आता नियम : प्रत्येक ट्रॉलीची बरणी, बरणीवर तारीख.

एका हाताची जाडी अर्ध्या इंचाच्या आत. पहिला हात पूर्ण वाळला, भेगा पडल्या, की दुसरा त्या भेगांत धरतो. भिंत आधी भिजवायची, पण ओघळेल इतकी नाही.

पश्चिम भिंत अजून ओली होती (१०० ग्रॅमचे ९१ उरत होते). थांबायला हवं होतं. वेळापत्रकात एप्रिलमध्ये उद्घाटनाची तारीख लिहिलेली होती, म्हणून लावलं. याचा परिणाम खाली २१ जुलैला.

१० मार्च : पाण्याची वाट

काँक्रीट गेलं तिथे भिंतीपासून बाहेर उतार, दहा फुटांत तीन इंच. पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेत एक फूट रुंद, दीड फूट खोल चर, तळाला फुटक्या कौलांचे तुकडे (१४० कौलांचं चीज झालं), वर जांभ्याची खडी. भिंत आणि चर यांच्यामधली जमीन मातीचीच ठेवली. फरशी घाला, चिखल होतो, असं येणारा प्रत्येकजण सांगतो. नाही घातली.

१८ मार्च : चिरे

बदलले फक्त अकरा. खाणीतून ताजा निघालेला चिरा मऊ असतो, हवेत घट्ट होतो. एक मोसम बाहेर पडलेला निवडून घ्यावा. मशीनने कापलेल्या चिऱ्यावर सरळ रेघा असतात, जुन्यावर घावांच्या तिरप्या खुणा. नव्यावर खोट्या खुणा पाडल्या नाहीत.

२८ मार्च ते ९ एप्रिल : कौलं परत

जुनी ठीक असलेली सुमारे १,९००. नवी आणि जुनी कौलं एकमेकांत बसत नाहीत, कारखान्यागणिक ओठाची खाच दोन-तीन मिलिमीटरने बदलते. मिसळून लावल्यावर बादलीभर पाण्यातच गळती दिसली. सगळी जुनी दर्शनी पूर्व उतारावर, नवी सगळी पश्चिमेला. जुन्यांतली उरलेली ३०० माळ्यावर राखीव, कारण वानरं. वर्षाला पन्नासेक कौलं त्यांच्या नावावर धरावीत.

१६ एप्रिल : वीज

मातीच्या भिंतीत खाच मारून वायर पुरायची नाही. तुळयांच्या वरच्या अंगाने पट्टीतून नेली. मेन बोर्ड विटांच्या खोलीत. कॅमेऱ्याच्या माणसाने न विचारता देवघराच्या चौकटीत दोन भोकं पाडली. बुजवली आहेत, दिसतात.

बाळंतिणीच्या खोलीत किती उजेड, यावर बरीच वादावादी. खोलीला खिडकी नाही, फक्त झरोका. येणाऱ्याला पहिली हीच खोली बघायची असते आणि फोटो काढायचा असतो. शेवटी दारापाशी खाली एकच मंद एलईडी. डोळे सरावायला मिनिटभर लागतं. "जन्म याच खोलीत" याला आधार फक्त घरातल्या सांगण्याचा, म्हणून पाटीवर तसंच लिहिलं : "घरातील सांगण्यानुसार".

५ मे : वस्तू

गावातून पाळणा, पितळी समई, जातं, दोन पेट्या भेट आल्या. पाळण्याचे कड्यांचे स्क्रू मशीनचे निघाले. तो ठेवला नाही. देणाऱ्यांना वाईट वाटलं. भेट घेण्याआधीच लेखी अट हवी होती की मांडायची की नाही ते समिती ठरवेल.

२६ मे

भुई सारवून झाली. आठवड्याला एकदा सारवण लागतं, ओटी ते माजघर वाटेवर दोनदा. वाटेवर काथ्याची चटई. पश्चिम भिंतीला पावसापुरती झावळ्यांची झापं टांगली, भिंतीपासून चार इंच सोडून, हवा खेळेल अशी. उद्घाटनाची तारीख पुढे ढकलली आहे.

११ जून

पहिला मोठा पाऊस. गळती तीन ठिकाणी : आढ्याच्या उत्तर टोकाला, पडवीच्या सांध्यापाशी, विटांच्या खोलीवर. पडवीचा उतार मुख्य छपराला मिळतो तिथला पत्रा सहा इंचच वर घेतला होता. एक फूट हवा. पावसात ते काम झालं नाही, खाली पातेलं ठेवलं.

२१ जुलै

पश्चिम भिंतीचा खालचा दोन फूट गिलावा फुगला. हाताने दाबला तर आत पोकळ. ओल्या भिंतीवर लावलेला, आतलं पाणी बाहेर येताना त्याला ढकलत आलं. बाकीच्या भिंती शाबूत. काँक्रीट काढलेल्या बाजूला जोत्याची ओल गेल्या वर्षीच्या पाहणीतल्या रेघेपेक्षा दीड फूट खाली.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली काचेची पट्टी डिसेंबरात तडकली होती, तिच्या जागी लावलेली नवी अजून शाबूत. तिथे जुन्या मोरीचं पाणी पायाशी मुरत होतं, ते वळवल्यावर भेग थांबली.

१२ ऑक्टोबर : हिशेब

अंदाज १४ लाखांचा, झाले १९ लाख ४० हजार. लाकूडकाम ६.१, भिंती ४.७, छप्पर २.९, पाण्याची वाट आणि जोतं १.६, वीज १.३, मोजमाप व नकाशे ०.९, आणि एकदा करून पुन्हा करावं लागलेलं सगळं मिळून १.९ लाख. शेवटच्या आकड्यातला सर्वांत मोठा वाटा ओल्या ऐनाचा, त्याखालोखाल पूर्व भिंतीचा. दिवसांत बघितलं तर पुन्हा करण्यात ४३ दिवस गेले.

झापं आज काढली. पश्चिम भिंतीच्या मातीचे १०० ग्रॅमचे ९३ उरतात. फुगलेला गिलावा नोव्हेंबरात काढायचा, भिंत मार्चपर्यंत उघडी ठेवायची, आकडा ९५च्या वर गेल्याशिवाय हात लावायचा नाही. पडवीचा पत्रा दिवाळीनंतर. पुढच्या मोसमाचा चुना कालच भिजत घातला, हौदावर तारीख लिहून. ऑइल पेंटने.